सगळ्यात वरची फाइल

एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर उघडल्यावर कामाची फाइल शोधायला फोल्डरमध्ये सहसा कुणी जात नाही. ‘फाइल’ मेनूच्या तळाशी ‘रिसेंटली यूज्ड डेटा’ अशी एक ओळ असते. तिच्यावर माउस नेला की अलीकडे उघडलेल्या डेटा-फायलींची यादी बाजूला उलगडते. शेवटी उघडलेली फाइल सगळ्यात वर असते, तिच्यावर क्लिक केलं की काम सुरू. स्टाटामध्ये आणि आर-स्टुडिओमध्येही अशीच सोय आहे. एसपीएसएस परवडत नाही म्हणून ज्यांनी पीएसपीपी हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं, त्यांनाही ती मिळते.

आकड्यांवर चालणाऱ्या संस्था नागपुरात खूप आहेत. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, पर्यावरण संशोधन करणारी ‘नीरी’, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडवरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, १९२३ पासून चालत आलेलं विद्यापीठ. या शहरात रोज कुणी ना कुणी अशा यादीतल्या वरच्या नावावर क्लिक करून रुग्णांची, मातीच्या नमुन्यांची नाहीतर बोंडअळीच्या सापळ्यांची फाइल उघडतं. त्या एका क्लिकवर पुढचं सगळं विश्लेषण उभं राहतं. तरीही संशोधन पद्धतीच्या वर्गात टी-टेस्ट शिकवतात, काय-स्क्वेअर शिकवतात, आणि या यादीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हे प्रकरण तिच्यासाठी.

आधी ही यादी म्हणजे काय ते पाहू. तिच्यात फाइल नसते, फाइलचा फक्त पत्ता असतो: कोणता ड्राइव्ह, कोणता फोल्डर, कोणतं नाव. तुम्ही फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी यादीला त्याची खबर लागत नाही, ती जुनाच पत्ता दाखवत राहते. तिथे काहीच उरलं नसेल तर फाइल सापडत नसल्याचा निरोप येतो. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण चूक लगेच कळते. घात होतो तो जुन्या जागी जुनी प्रत राहिलेली असते तेव्हा. समजा, घरच्या लॅपटॉपवर रात्री डेटा दुरुस्त केला आणि तो पेनड्राइव्हवर घेऊन सकाळी विभागात आलात. विभागातल्या कॉम्प्युटरच्या यादीत त्याच नावाची फाइल वर आहे, पण तिचा पत्ता त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचा आहे. क्लिक केलं की फाइल मुकाट्याने उघडते. रकाने तेच, नावं तीच, रुग्णही तेवढेच. फक्त काल रात्रीच्या दुरुस्त्या तिच्यात नाहीत.

पेनड्राइव्हची आणखी एक गोम आहे. विंडोज त्याला आज ‘ई’ म्हणेल, उद्या दुसरं काही आधी लावलेलं असेल तर ‘एफ’ म्हणेल. पत्ता बदलला की यादीच्या लेखी ती वेगळीच फाइल ठरते. मग एकच फाइल यादीत दोनदा दिसते, किंवा दोन वेगळ्या फायली एकाच नावाने शेजारीशेजारी बसतात. पत्ता समोर असतो, पण घाईत नजर शेवटच्या नावावरच जाते.

अलीकडचं वर ठेवायचं ही कल्पना मात्र मुळात भक्कम आहे. आत्ता वापरलेली वस्तू थोड्या वेळाने पुन्हा लागण्याची शक्यता जास्त असते, या निरीक्षणावर कॉम्प्युटरची स्मृती सांभाळण्याच्या कितीतरी पद्धती उभ्या आहेत. डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन या दोन अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये यावर एक सुंदर गणिती निकाल दिला. यादीतून एखादी वस्तू घेतली की ती परत ठेवताना सगळ्यात पुढे ठेवायची, एवढा एकच नियम पाळला, तर शोधण्याचे एकूण कष्ट आदर्श पद्धतीच्या फार तर दुपटीच्या आसपास राहतात. आदर्श पद्धतीला पुढे काय मागितलं जाणार हे आधीच ठाऊक असलं तरीसुद्धा! भविष्य न जाणता एवढं साधतं, ही मोठीच गोष्ट आहे. पण हा निकाल वस्तू लवकर सापडण्याबद्दलचा आहे. सापडलेली वस्तू योग्य आहे का, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. शोधण्याचे श्रम वाचवायला केलेल्या सोयीवर आपण निवडण्याची जबाबदारीही सोपवतो, आणि गडबड तिथेच होते.

खऱ्या डेटाचं एक उदाहरण जवळून पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. चौथी फेरी २०१५-१६ ची, पाचवी २०१९-२१ ची. पाचव्या फेरीत देशभरातल्या ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. सामाजिक आरोग्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही खाणच आहे, आणि तिच्या फायली एसपीएसएसच्या रूपातही मिळतात. चौथ्या फेरीतली स्त्रियांची फाइल ‘आयएआयआर७४एफएल’ या नावाची, पाचव्या फेरीतली ‘आयएआयआर७ईएफएल’ या नावाची. ‘आयए’ म्हणजे भारत, ‘आयआर’ म्हणजे स्त्रियांच्या मुलाखतींची नोंद. दोन नावांत फरक एका अक्षराचा: एकीत ४, दुसरीत ई. दोन फेऱ्यांची तुलना करणाऱ्याच्या यादीत ही नावं एकाखाली एक येणारच. दिवसभर स्क्रीनकडे पाहून दमलेल्या डोळ्यांना ती सारखीच दिसतात.

समजा, नागपुरातल्या एका विद्यार्थिनीला महाराष्ट्रातल्या स्त्रियांमधल्या रक्तक्षयाचं प्रमाण काढायचं आहे. पाचव्या फेरीत राज्याच्या रकान्यात महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे, जनगणनेतही तोच. तिने ‘सिलेक्ट केसेस’मध्ये २७ टाकला, रक्तक्षयाचा रकाना निवडला आणि तक्ता काढला. फाइल मात्र यादीतून उघडताना चुकून चौथ्या फेरीची उघडली गेली. आता गंमत अशी की चौथ्या फेरीत राज्यं इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली होती. तिथे महाराष्ट्राचा क्रमांक २० आहे आणि २७ वर पुद्दुचेरी आहे. रकान्यांची नावं दोन्ही फायलींत तीच असल्यामुळे सॉफ्टवेअर कुठेही अडखळत नाही, लाल अक्षरांत इशारा येत नाही. टक्केवारीसह नीटनेटका तक्ता समोर येतो. तो पुद्दुचेरीच्या स्त्रियांचा आहे हे त्या तक्त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

संकेतांक बरोबर टाकला आणि फाइल तेवढी चुकली, तर चूक आणखी खोल लपते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधलं रक्तक्षयाचं प्रमाण चौथ्या फेरीत ४८ टक्के होतं, पाचव्या फेरीत ते ५४.२ टक्के झालं. दोन्ही आकडे पटण्याजोगे आहेत. ४८ पाहून गाइडला शंका येणार नाही, परीक्षकालाही येणार नाही. पण चार-पाच वर्षांत सहा टक्केबिंदूंची वाढ झाली, ही त्या अभ्यासातली सगळ्यात काळजीची बाब पुसून जाईल.

हे पकडायचा उपाय साधा आहे आणि तो कुठल्याही डेटाला लागू पडतो. काहीही मोजण्याआधी ओळी मोजा. महाराष्ट्रात चौथ्या फेरीत २९,४६० स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, पाचव्या फेरीत ३३,७५५. राज्य निवडल्यावर आपल्या फाइलमध्ये नेमक्या तेवढ्या ओळी आल्या का, एवढंच पाहायचं. आल्या असतील तर फाइल बरोबर आहे आणि निवडही. पुद्दुचेरीचा घोटाळा या एका आकड्यात उघडा पडला असता. आपल्या स्वतःच्या डेटाच्याही अशा ओळखीच्या संख्या वहीत लिहिलेल्या असाव्यात: एकूण रुग्ण किती, त्यांत स्त्रिया किती, वयाची सरासरी किती. फाइल उघडल्यावर पहिलं मिनिट या तीन आकड्यांसाठी द्यावं.

आता मेडिकलकडे वळू. एमडी किंवा एमएस करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला थिसिस लिहावाच लागतो, तो नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला सादर होतो. रुग्णांची माहिती आधी केस रेकॉर्डच्या कागदावर, मग एक्सेलच्या मास्टर चार्टमध्ये, मग एसपीएसएसमध्ये. ओपीडी, वॉर्ड आणि इमर्जन्सी सांभाळून हे सगळं रात्री-अपरात्री चालतं. मास्टर चार्ट एकदा बनून संपत नाही. दोन रुग्ण वाढतात, एकाचं वय चुकलेलं सापडतं, गाइड म्हणतात की हिमोग्लोबिनचे तीन गट करा. प्रत्येक वेळी नवी प्रत निघते: ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल करेक्टेड’, ‘सरांनी पाहिलेली’. यादीत या सगळ्या रांगेने बसतात, आणि वर कोणती तर जी शेवटची उघडली ती. काल केवळ एक जुना आकडा तपासायला ‘फायनल २’ उघडली असेल, तर आज तीच वर.

इथे एक धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. एसपीएसएसमध्ये फक्त स्त्रियांचं विश्लेषण करायचं असेल तर ‘सिलेक्ट केसेस’मध्ये दोन मुख्य वाटा असतात. एकीत बाकीचे रुग्ण तात्पुरते बाजूला ठेवले जातात. डावीकडे त्यांच्या ओळीच्या क्रमांकावर तिरपी रेघ दिसते, आणि निवड काढून टाकली की ते परत येतात. दुसऱ्या वाटेत न निवडलेले रुग्ण फाइलमधून काढूनच टाकले जातात. ही दुसरी वाट निवडली आणि हाताच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं, तर पुरुष रुग्ण त्या फाइलमधून कायमचे गेले. यादीतलं नाव तेच राहतं, जागा तीच राहते. दुसऱ्या दिवशी वरच्या नावावर क्लिक केल्यावर अर्धाच डेटा उघडतो. एक्सेलचा मास्टर चार्ट शाबूत असेल तर डेटा परत आणता येतो, पण एसपीएसएसमध्ये बसून केलेलं कोडिंग आणि साफसफाई पुन्हा करावी लागते.

म्हणून कच्च्या डेटाची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिला कुलूप लावावं. एसपीएसएसच्या ‘फाइल’ मेनूतच ‘मार्क फाइल रीड ओन्ली’ अशी सोय आहे. ती निवडली की त्या फाइलवर चुकून काही लिहिलं जात नाही, बदल ठेवायचे तर नवं नाव द्यावंच लागतं. बहुतेकांना ही सोय माहीत नसते, माहीत असली तरी वापरली जात नाही. माझ्या मते थिसिस करणाऱ्याने सॉफ्टवेअरमधली पहिली शिकायची गोष्ट हीच. स्टाटाने इथे जास्त शहाणपणाचा पवित्रा घेतला आहे. तिथे आज्ञा लिहून जुनी फाइल पुसायची असेल तर ‘रिप्लेस’ असा शब्द स्वतः टाकावा लागतो, नाहीतर ते सरळ नकार देतं.

कुठलं विश्लेषण कोणत्या फाइलवर झालं हे नंतर कळण्याच्या जागाही सॉफ्टवेअरमध्येच आहेत. डेटाच्या खिडकीच्या अगदी वरच्या पट्टीवर फाइलचं नाव असतं, शेजारी चौकटी कंसात ‘डेटासेट१’ किंवा ‘डेटासेट२’ असं लिहिलेलं असतं. दोन फायली एकदम उघड्या असतील तर आज्ञा ज्या डेटासेटवर चालणार तो आधी ओळखावा लागतो, म्हणून या पट्टीकडे पाहायची सवय फार उपयोगी. दुसरी जागा आउटपुटची. मेनूतून फाइल उघडली की आउटपुटमध्ये ‘गेट फाइल’ अशी ओळ उमटते आणि तिच्यापुढे फाइलचा संपूर्ण पत्ता येतो. आउटपुट सुटसुटीत दिसावं म्हणून पुष्कळ जण या लॉगच्या ओळी पुसतात. त्या पुसू नयेत. सहा महिन्यांनी एखाद्या तक्त्यातला आकडा जुळेना, तर हा तक्ता कोणत्या प्रतीवरून निघाला याचा पुरावा त्या ओळीतच असतो. याशिवाय एसपीएसएस पडद्यामागे एक जर्नल फाइलही लिहीत असतं, त्यात तुमच्या आज्ञा क्रमाने नोंदल्या जातात. तिची जागा ‘एडिट’ मेनूतल्या ‘ऑप्शन्स’मध्ये, ‘फाइल लोकेशन्स’ या पानावर सापडते.

पण पुरावा मागाहून शोधण्यापेक्षा चुकीला वावच न ठेवलेला बरा, आणि तो मार्ग सिंटॅक्सचा. मेनूतून माउसने जे करता, ते संवादचौकटीतलं ‘पेस्ट’ बटण दाबून आज्ञेच्या रूपात लिहून घ्यायचं. पहिली ओळ ‘गेट फाइल’ची, म्हणजे कोणती फाइल उघडायची ते लिहूनच ठेवलेलं. मग वय दुरुस्त करणं, गट पाडणं, तक्ते काढणं, सगळं त्याखाली. शेवटी नव्या नावाने साठवणं. अशी सिंटॅक्स हाताशी असली की ‘रिसेंटली यूज्ड डेटा’कडे जायचं कारणच उरत नाही. शेजारच्या ‘रिसेंटली यूज्ड फाइल्स’ या ओळीतून सिंटॅक्स उघडून चालवायची, ती योग्य डेटा स्वतः उघडते. ‘फायनल’च्या पाच प्रती ठेवायची गरजही संपते, कारण कच्चा डेटा आणि सिंटॅक्स एवढ्या दोन गोष्टींतून बाकी सगळं पुन्हा तयार करता येतं. ‘आर’ वापरणाऱ्यांना ही रीत सवयीची असते. त्यांनी फक्त एक काळजी घ्यावी: बंद करताना ‘वर्कस्पेस’ जतन करू का असं विचारलं की नाही म्हणावं, नाहीतर कालचा उरलेला डेटा आज गुपचूप परत येतो.

नावांचं काय? जागा, हंगाम, टप्पा आणि तारीख एवढं नावात असलं की पुरे. कापसाच्या कामरगंध सापळ्यांच्या नोंदी घ्या. काटोलची फाइल आणि सावनेरची फाइल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असली, पण दोन्हींचं नाव ‘ट्रॅप डेटा’ असलं, तर यादीत त्या एकमेकींच्या वेषात फिरतात. ‘काटोल_खरीप_कच्चा’ आणि पुढे तारीख असं नाव असतं तर प्रश्नच नव्हता. गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात विदर्भात जो कहर केला, तेव्हापासून अशा नोंदींचं मोल किती वाढलंय ते शेतकऱ्यालाही कळतं. फवारणीचा सल्ला त्या सापळ्यांतल्या पतंगांच्या संख्येवर दिला जातो. तालुका चुकला तर सल्ला चुकला. तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहावं, म्हणजे फोल्डरमध्ये फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

यादीचा आणखी एक पैलू आहे, आणि तो रुग्णांचा आहे. विभागातला कॉम्प्युटर सगळ्यांचा. तुमच्यानंतर बसणाऱ्याला ‘रिसेंटली यूज्ड डेटा’मध्ये तुमच्या फायलींची नावं आयती दिसतात. नावातच आजार आणि रुग्णाचं नाव असेल तर फाइल न उघडताही गोपनीयता गेली. एचआयव्ही, क्षयरोग, मानसिक आजार यांच्या अभ्यासात तर एवढ्यानेही कुणाचं घर ढवळून निघू शकतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं रुग्णाची ओळख जपायला सांगतात, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आला. फाइलच्या नावात रुग्णाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक कधीच नसावा, डेटातही नावाऐवजी संकेतांक असावा. मघाच्याच ‘फाइल लोकेशन्स’च्या पानावर यादीत किती नावं दिसावीत याचा आकडा असतो. सामायिक कॉम्प्युटरवर तो शून्य ठेवावा. विंडोजही स्वतःची एक वेगळी यादी राखत असतं, फाइल एक्सप्लोररच्या पर्यायांतून तीही पुसता येते. यात पाच मिनिटंही जात नाहीत.

आपल्या आकड्यामागे नेमकी कोणती फाइल आहे हे सांगता येणं किती मोलाचं असतं, ते २०१३ मध्ये जगाने पाहिलं. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये लिहिलं होतं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा दर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो. युरोपातल्या काटकसरीच्या धोरणांना या लेखाचा आधार दिला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस हर्नडनला अभ्यासाचा भाग म्हणून तोच निकाल पुन्हा काढायचा होता, तो काही केल्या जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली आणि त्यांनी ती पाठवली. सरासरीच्या सूत्रातून पाच देश वगळले गेले होते. काही वर्षांचे आकडे सोडून देणं आणि देशांना दिलेलं वजन हे आक्षेपही निघाले. सगळं धरून हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी तो दर २.२ टक्के काढला. मूळ फाइल जपलेली होती आणि ती मागणाऱ्याच्या हाती दिली गेली, म्हणून हे उजेडात आलं. राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या निष्कर्षांबद्दल मतभेद असोत, फाइल दिली याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

तुमच्या थिसिसचे तक्ते छापायला जाण्याआधी एक संध्याकाळ काढा. आउटपुटमधली ‘गेट फाइल’ची ओळ शोधा, तिच्यातला पत्ता वाचा, ती फाइल त्या पत्त्यावरूनच उघडा आणि ओळी मोजा. संख्या वहीतल्या संख्येशी जुळली नाही, तर बाइंडिंगवाल्याला फोन करून दोन दिवस थांबायला सांगा.